पेडणेकर काका सरकारच्या बाजूने वाचतात

पृथ्वीचा बहुतेक भाग बेचिराख झालेला आहे. उरलीसुरली माणसं जमिनीखालच्या एका शहरात कोंडलेली आहेत. वर कॅमेरे, दारांवर पहारे, आणि अशात कथेचा नायक जिवावर उदार होऊन हवेच्या बोगद्यातून सरपटत बाहेर निघाला आहे. मागे शिपायांच्या बुटांचे आवाज. अशा पानावर तुम्ही-आम्ही मनातल्या मनात म्हणतो, पळ बाबा, पळ. आमचे पेडणेकर काका म्हणतात, "धरा त्याला."

आणि हे ते मनातल्या मनात म्हणत नाहीत. त्यांचं घर आमच्या इमारतीच्या सगळ्यात वरच्या, म्हणजे चौथ्या मजल्यावर, माझ्या दारासमोर. दुपारी जेवून ते हॉलमधल्या खुर्चीत पुस्तक घेऊन बसले की सुट्टीच्या दिवशी मला इकडे भाजी निवडताना ऐकू येतं, "अरे, डावीकडे गेलाय तो, डावीकडे. शिपाई आहेत का कोण आहेत." नायक निसटला की पुस्तक फाटकन मिटल्याचा आवाज येतो आणि मागोमाग त्यांचा ठरलेला शेरा, "लेखक फितूर आहे."

हा नाद त्यांना माझ्यामुळे लागला. मला स्वतःला या भविष्यातल्या भयंकर जगाच्या कादंबऱ्यांचं वेड आहे. भाषांतरित असो, मूळ मराठी असो, मुखपृष्ठावर काळोख आणि एक लाल दिवा दिसला की माझा हात आपोआप पुढे जातो. ऑफिसात दिवसभर विम्याचे दावे तपासल्यावर माणसाला जगबुडीच वाचाविशी वाटते. एकदा काका टँकर कधी येणार ते विचारायला आले आणि टीपॉयवरची कादंबरी चाळत उभे राहिले. मी म्हटलं, "न्या हवी तर." दोन दिवसांनी त्यांनी ती परत आणली तेव्हा त्यांचा चेहरा गंभीर होता.

"चांगली आहे," ते म्हणाले. "पण लेखकाने त्या अध्यक्षांवर अन्याय केलाय."

मी म्हटलं, "काका, तो अध्यक्ष लोकांच्या स्वप्नांवर पाळत ठेवतो."

"ते ठीक आहे. पण पाणी बघा. रोज सकाळी सहाला दोन बादल्या. सहाला म्हणजे सहाला. टँकरवाल्याला फोन नाही, की मोटर जळली म्हणून निरोप नाही. साठ मजले आहेत आणि लिफ्ट एकदाही बंद पडलेली नाही. लेखकानेच लिहिलंय. आणि एवढं सगळं असून ह्या नायकाला काय पाहिजे, तर म्हणे मोकळं आकाश." त्यांनी आमच्या खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर मिठागरांपर्यंत मोकळं आकाश होतं आणि त्याखाली आमचा नायगावकडे जाणारा रस्ता होता, ज्यात गेल्या पावसापासून एक रिक्षा दर आठवड्याला कलंडते. "शिस्त बघा त्या लोकांची," काका म्हणाले आणि पुढचं पुस्तक मागून घेऊन गेले.

काका मूळचे सावंतवाडीकडचे. आयुष्यभर एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात होते. कामगार किती वाजता आला, किती वाजता गेला, कोणाचं कार्ड कोणी पंच केलं, हे बघणं हेच त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर बघायला कोणी उरलं नाही. मूलबाळ नाही. घरात ते आणि सुमनकाकू. अशात सोसायटीची वार्षिक सभा आली. आमच्याकडे सभेला माणसं येत नसत. गणसंख्येअभावी सभा तहकूब करायची, अर्धा तास एकमेकांची तोंडं बघायची आणि मग आहेत त्यांच्यात उरकून घ्यायची, अशी पद्धत होती. त्या वर्षी काका सेक्रेटरी म्हणून बिनविरोध निवडून आले. वर झालेल्या मोजक्या हातांत एक त्यांचा स्वतःचाच होता.

आमची इमारत तेव्हा कशी होती हे सांगायला हवं. भांडणं नव्हती, कारण ओळखी नव्हत्या. सगळे सकाळी अंधारात मुंबईला जायचे आणि अंधारात परत यायचे. लिफ्टमध्ये दोघं भेटले तर दोघंही मोबाइल काढायचे. शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं हे मला दारातल्या कुरियरवरच्या नावावरून कळायचं. अपवाद फक्त तळमजल्यावरच्या हेमाबाय म्हात्रेंचा. आमची इमारत उभी आहे ती जागा त्यांच्या सासऱ्यांची, म्हणून बिल्डरने त्यांना तळमजल्यावर घर दिलेलं. बाई जवळच्या जूचंद्र गावच्या, जुन्या आगरी घरातल्या. दाराबाहेर खुर्ची टाकून बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायच्या, "जेवलास?" लोक कानात वायर घालून पुढे जायचे.

काका सेक्रेटरी झाल्यावर महिन्याभरातच पहिला फतवा निघाला. यापुढे सोसायटीच्या व्यवहारात कोणाचंही नाव वापरायचं नाही, फक्त फ्लॅट नंबर. सकाळी व्हॉट्सअॅपवर त्यांच्या आवाजातला संदेश यायला लागला. "सदनिकाधारकहो." मग एक लांब विराम. "दोनशे एक यांनी चपलांचे कपाट जिन्यात ठेवले आहे. तीनशे चार यांच्या कुंडीतील पाणी दोनशे चार यांच्या अंगावर पडले आहे." मला ते जिन्यात भेटले तर मान लववून म्हणायचे, "काय चारशे तीन, आज लवकर?"

लोक आधी हसले, मग चिडले. पण चिडायचं तर दोनशे एक कोण हे माहीत असावं लागतं. दोनशे चारला बघायला तीनशे चार खाली उतरल्या, आणि कुंडीतलं पाणी अंगावर पडलेला माणूस कसा दिसतो हे इमारतीला पहिल्यांदा कळलं. तो चांगला उंचापुरा, लाजाळू, कोल्हापूरकडचा मुलगा निघाला.

दुसरा फतवा कुकरचा. सकाळच्या वेळी प्रत्येक मजल्यावर एका वेळी एकच कुकर लावावा, कारण एकाच वेळी अनेक शिट्ट्या झाल्यास धोक्याचा भोंगा वाजल्यास तो ऐकू येणार नाही. आमच्याकडे धोक्याचा भोंगा नव्हता, कधी नव्हता. पण काका घड्याळ घेऊन जिन्यात उभे राहू लागले. आता सकाळी सातला डबे भरून निघणाऱ्या बायकांनी एकामागोमाग एक कुकर लावायचे म्हटले तर शेवटचीला ऑफिसला जेवणाच्या सुट्टीतच पोचावं लागलं असतं. मग आम्ही मजल्यावरच्यांनी तोड काढली. एकच मोठा कुकर, त्यात तिघींचे तीन डबे. माझा भात चारशे चारच्या वरणावर शिजू लागला. त्यांच्या वरणात गूळ असतो हे मला कळलं आणि माझ्या भाताला मीठ नसतं हे त्यांनी मला सुनावलं.

त्याच सुमारास मी एक नवी कादंबरी वाचत होते. जमिनीखालचं शहर, नाव नसलेली नंबरांची माणसं. वाचता वाचता एका पानावर अध्यक्ष फर्मान काढतात की धोक्याच्या भोंग्यासारखा आवाज करणारी कोणतीही वस्तू नागरिकांनी वापरू नये. मी पुस्तक मिटलं. ही प्रत माझी नव्हती, वसई गावातल्या वाचनालयातली होती आणि माझ्याआधी ती पेडणेकर काकांनी नेली होती.

मी तडक हेमाबायकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे ह्याचा डोका नाय चालत, बुकाचा डोका चालतंय," त्या म्हणाल्या. "मंग ते बुक आन इकडं. पुढं काय करनार हाय ते आदी कलू दे आमाला."

अशा रीतीने आमच्या इमारतीत वाचनसंस्कृती आली. शनिवारी संध्याकाळी गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, गुपचूप. सोसायटीविरुद्धचा कट म्हणून कोणी चटई आणली, कोणी चहाचा थर्मास. वाचायचं काम तीनशे दोनच्या ग्रेसी टीचरकडे गेलं. टीचर वसईजवळच्या वटार गावच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, आणि रविवारी चर्चमध्ये पवित्र वाचन करायचा त्यांना जुना सराव. त्यामुळे शिपाई नायकाच्या बहिणीला फरफटत नेतात हा प्रसंगही त्या अशा संथ, गंभीर, स्पष्ट आवाजात वाचायच्या की अंगावर काटा यायचा. पहिल्याच शनिवारी प्रकरण संपलं तसं त्यांनी पुस्तक किंचित उचललं आणि सवयीने म्हणाल्या, "हा प्रभूचा शब्द." आणि चटईवरच्या दोघी-तिघी वसईकर ख्रिस्ती बायका तितक्याच सवयीने म्हणाल्या, "देवाला धन्यवाद." मग टीचर स्वतःच इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

त्या गच्चीवर मला कळलं की मी आजवर पुस्तक वाचत होते ते एकटीने आणि चुकीचं. दोनशे एकच्या गृहस्थांना उत्कंठा सोसत नसे. नायक संकटात सापडला की ते उठून टाकीमागे जायचे आणि तिथून विचारायचे, "मेला का?" कोल्हापूरचा मुलगा संगणकातला, त्याचा जीव वेगळ्याच कारणाने वरखाली व्हायचा. "पासवर्ड बदलायला काय होतं ह्यांना? एवढी राजवट चालवतात." आणि हेमाबायचा एकच प्रश्न, प्रत्येक प्रकरणाला. "तो कवापासून पलतंय, त्याला भूक नाय लागत काय? कोनी भाकर दिली काय त्याला? टीचर, मागचं पान बगा, दिली असंल." टीचर मागचं पान बघायच्या. दिलेली नसायची. मग हेमाबाय तांदळाच्या भाकरीचा आणि सुक्या बोंबलाच्या चटणीचा डबा उघडायच्या, आणि नायकाच्या वाटणीचं आम्ही खायचो.

कटातला सगळ्यात अनपेक्षित सभासद म्हणजे सुमनकाकू. दुसऱ्याच शनिवारी त्या आल्या, एका हातात वॉकर, दुसरा हात भिंतीला, चौथ्या मजल्यावरून गच्चीपर्यंतच्या त्या पायऱ्या चढायला त्यांना किती वेळ लागला असेल कोण जाणे. टीचरनी पुस्तक झटकन चटईखाली सरकवलं. हुकूमशहाची बायको. त्या चटईशेजारच्या खुर्चीवर टेकल्या, दम घेतला आणि म्हणाल्या, "ते झोपलेत. मला पण ऐकायचंय पुढे काय होतं. घरात तर ह्यांच्या बाजूनेच ऐकावं लागतं." त्या दिवसापासून त्या आमच्या झाल्या. कोल्हापूरचा मुलगा त्यांना दर शनिवारी हात धरून वर आणायचा.

मग तिसरा फतवा आला आणि थट्टेचं भांडण झालं. प्रत्येक सदनिकाधारकाने समोरच्या सदनिकाधारकावर लक्ष ठेवायचं. सकाळी समोरच्या माणसाचं तोंड प्रत्यक्ष बघायचं आणि ग्रुपवर कळवायचं, 'समोरचे हजर.' ज्याचा संदेश येणार नाही त्याच्या दाराशी सेक्रेटरी स्वतः येऊन घंटी वाजवतील. ही सरळसरळ पाळत होती. लोक संतापले. मीही संतापले, कारण माझे समोरचे म्हणजे तेच. रोज सकाळी दार उघडलं की समोरच्या दारात इस्त्रीच्या शर्टात पेडणेकर काका उभे. माझ्याकडे नीट निरखून बघायचे आणि म्हणायचे, "हजर." मला आंघोळीआधी कोणाला तोंड दाखवायला आवडत नाही.

कादंबरीत याच ठिकाणी बंड होतं. आम्हीही ठरवलं. काकांना सेक्रेटरीपदावरून काढायचं, खास सभा घेऊन, रीतसर. मला एकीकडे वाईट वाटत होतं. ती खुर्ची गेली तर त्या माणसाजवळ काय राहील, हे मला समोरच्या घरात राहून दिसत होतं. टाइम ऑफिस गेलं, आता हेही जाणार. मी तसं गच्चीवर बोलूनही दाखवलं. हेमाबाय म्हणाल्या, "तुझा जीव मऊ हाय. बुकात अशीच एक बाई हाय, तिच्यामुलं सगली पकडली जातान." 

सभा खाली पार्किंगमध्ये झाली. डेकोरेटरच्या खुर्च्या मागवल्या होत्या त्या कमी पडल्या. माणसं स्कूटरवर बसली, पायरीवर बसली. काकांनी उठून चष्मा लावला, समोर बघितलं आणि बोटाने एकेक डोकं मोजलं. मग म्हणाले, "इमारत झाल्यापासून प्रथमच गणसंख्या पूर्ण आहे. सभा तहकूब करण्याचे कारण नाही." त्यांचा आवाज कापत होता. आम्हाला वाटलं, घाबरले.

सेक्रेटरी तेच असल्यामुळे स्वतःविरुद्धचा ठराव त्यांनाच वाचावा लागला. तो त्यांनी खणखणीत वाचला. 'हुकूमशाही वृत्ती' या शब्दांवर तर त्यांनी चांगला जोर दिला. अनुमोदन कोणाचं असं विचारलं तेव्हा सुमनकाकूंनी बसल्या जागेवरून हात वर केला. पार्किंगभर हशा पिकला. काका म्हणाले, "चारशे एक यांचे अनुमोदन," आणि पुढे गेले. ठराव मंजूर झाला. हेमाबाय नव्या सेक्रेटरी झाल्या. काकांनी टाकीच्या आणि मीटररूमच्या चाव्या त्यांच्या ओंजळीत ठेवल्या आणि वर निघून गेले.

हेमाबायने पहिल्याच दिवशी सगळे फतवे रद्द केले. "ज्याला पायजे तेवड्या शिट्ट्या मारा," त्या म्हणाल्या. आम्ही आपापल्या घरी आपापले कुकर लावले. स्वातंत्र्य मिळालं.

पुढच्या शनिवारी गच्चीवर जेमतेम निम्मी माणसं आली. कादंबरी तर संपली होती, अध्यक्ष तुरुंगात गेला होता. टीचरनी दुसरं पुस्तक काढलं, पण ज्यावरून पुढे कोणी फतवा काढणार नाही ते पुस्तक ऐकण्यात कोणाला रस नव्हता. त्याच्या पुढच्या शनिवारी दोनशे एकचे पाहुणे आले, कोल्हापूरच्या मुलाची शिफ्ट होती, माझी कपाटं आवरायची राहिली होती. गच्चीवर कोणीच गेलं नाही. लिफ्टमध्ये तीनशे चार भेटल्या तेव्हा मी हसले आणि मोबाइल काढला.

रविवारी सकाळी दाराची घंटी वाजली. काका.

"काल वर आवाज नव्हता," ते म्हणाले.

मला वाटलं, टोमणा मारायला आलेत. मी म्हटलं, "नव्हता. झालं ना समाधान?"

 त्यांचं दार उघडंच होतं. आतून काकूंचा आवाज आला, "सांगा ना तिला आता. किती दिवस एकटेच खलनायक होऊन बसणार?"

त्यांनी मला घरात बोलावलं. काकूंनीच सांगितलं. मी इथे राहायला यायच्या आधीची गोष्ट. काका तेव्हा नोकरीत होते. सकाळी ते गेले आणि काकू न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. खुबा मोडला. फोन हॉलमध्ये. त्यांनी हाका मारल्या. लिफ्टचं दार उघडायचं, बंद व्हायचं. पावलं यायची, जायची. कोणीतरी फोनवर बोलत दारासमोरून गेलं, त्याचं बोलणं त्यांना शब्दन् शब्द ऐकू आलं. त्या तशाच काका घरी येईपर्यंत पडून होत्या. त्या दिवशी काकांना ओव्हरटाइम होता.

"कोणाचा दोष नाही," काका घाईघाईने म्हणाले. "ओळखच नाही तर कोण दार ठोठावणार? हिचं नाव तरी कोणाला माहीत होतं?"

 काकू वॉकर घेऊन चालतात ते मी इतके दिवस गुडघ्यांमुळे समजत होते. कधी विचारलंच नव्हतं.

"आधी मी सत्यनारायण घातला," काका सांगू लागले. "सगळ्यांना बोलावलं. लोक दारात आले, प्रसादाचा द्रोण घेतला आणि दारातूनच गेले. कोजागिरी केली, आटवलेलं दूध आम्ही दोघं तीन दिवस पीत होतो. मग तुम्ही ते पुस्तक दिलंत. त्यात ती सगळी माणसं आपापल्या खोलीत बंद. एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. एकत्र कधी आली? अध्यक्ष बिघडला तेव्हा. चांगला असता तर कोणी कोणाचं तोंड बघितलं नसतं. माणसं आमंत्रणाला येत नाहीत हो, भांडणाला येतात. म्हटलं, एवढं काम आपल्याला जमेल. टाइम ऑफिसात जन्मभर शिव्याच खाल्ल्या आहेत."

"आणि गच्चीवरच्या शनिवारांचं?"

"मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुम्ही माझ्या डोक्यावर बसता, ऐकू येणार नाही का?" मग जरा ओशाळून म्हणाले, "हिला मीच पाठवली. नको म्हणत होती. म्हटलं, जा, फितूर हो. पण अध्यक्ष मला खरेच आवडतात हां. ते सोंग नाही."

मी म्हटलं, मी आत्ता खाली जाऊन सगळ्यांना सांगते. काकांनी दोन्ही हात जोडले. "मुळीच नको. लोक मला चांगला म्हणायला लागले तर संपलंच सगळं. शेवट फोडू नका." मी शब्द दिला. इथे लिहिते आहे ते एवढ्याच भरवशावर की आमच्या इमारतीत जगबुडीखेरीज दुसरं काही कोणी वाचत नाही.

मंगळवारी नोटीस बोर्डावर एक साधा रहिवासी म्हणून काकांची तक्रार झळकली. 'शनिवारी संध्याकाळी गच्चीवर माणसे जमतात, चालतात व हसतात. याचा वरच्या मजल्यावरील ज्येष्ठ नागरिकास अतोनात त्रास होतो. हे कायमचे बंद करावे. न केल्यास पुढील निवडणुकीस मी पुन्हा उभा राहीन.'

संध्याकाळपर्यंत ग्रुप पेटला. हेमाबायने काय ते एका वाक्यात सांगितलं, "आता तर येनारच, आनि ढोलकी घेऊन येनार." शनिवारी गच्चीवर चटया अपुऱ्या पडल्या. दोनशे एकच्या गृहस्थांनी पाहुण्यांनाही वर आणलं होतं.

टीचरचं वाचन संपलं आणि चहाच्या वेळी मी साखर आणायला खाली उतरले. काकांचं दार उघडं होतं. ते खुर्चीत बसले होते, मांडीवर पुस्तक मिटलेलं, मान मागे टाकून छताकडे बघत. वर सुमनकाकू त्यांची नक्कल करत होत्या. हा आता प्रत्येक शनिवारचा ठरलेला कार्यक्रम आहे. "सदनिकाधारकहो," वरून काकूंचा आवाज आला आणि पाठोपाठ हशाचा लोंढा.

"सदनिकाधारकहो नंतर मी थांबतो," काका छताकडे बघतच म्हणाले. "ती थांबत नाही. बाकी जमतंय तिला."

मी दारातच उभी राहिले. म्हटलं, "काका, चला ना वर. आजच्या दिवस."

"मी आलो तर गप्प बसतील सगळे." त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसला, डोळेही पुसले. "पडल्यानंतर दोन वर्षं ही घरात हसली नव्हती. मी खूप करून बघितलं. मला नाही जमलं ते. आता ऐका."

 साखरेचा डबा हातात धरून मी तिथेच घोटाळत राहिले, या माणसाला असं एकटं टाकून वर जाववेना. त्यांच्या ते लक्षात आलं.

"जा तुम्ही," ते म्हणाले. "फार वेळ दिसला नाहीत तर शोधायला येईल कोणीतरी."

तेवढ्यात जिन्यावरून हेमाबायचा आवाज आला, "अगो चारशे तीन, कुठं गेलीस? बरी हाईस ना?"

काकांनी डोळे मिटून घेतले. मी "आले" म्हणून ओरडले आणि वर गेले.